कागद पुढे गेलेत

६ फेब्रुवारी

भिंगरी,

काल तुझ्या अर्जाबद्दल इथल्या सरकारचं पत्र आलं. चार ओळींचं. ‘अर्जदाराने स्वतःच्या इच्छेने अर्ज मागे घेतल्यामुळे हे प्रकरण बंद करण्यात येत आहे.’ मी ते दारातच उभ्या उभ्या वाचलं. मग साहेबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून घडी घालून एप्रनच्या खिशात कोंबलं. औषध दिलं, त्यांची हनुवटी पुसली, उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात येऊन पुन्हा वाचलं. ‘स्वतःच्या इच्छेने’ या दोन शब्दांवर बोट ठेवून वाचलं.

तू फोन उचलत नाहीस. मावशी उचलते, म्हणते ‘ती बाहेर गेलीय,’ आणि मागून तुझी शिंक ऐकू येते. माझ्या बहिणीला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. आम्हा दोघींत ते खातं माझ्याकडे होतं.

शेवटी परवा मी तिला म्हटलं, ‘ताई, तुला माझी शपथ. वकिलातीत मुलाखतीच्या दिवशी काय झालं ते सांग.’ शपथ घातली की ती विरघळते, तुला ठाऊक आहे.

‘मला कुठे आत घेतलं?’ ती म्हणाली. ‘मी बाहेर बाकावर. पाऊण तासाने पोरगी आली. चेहरा असा की मला वाटलं, बोलताना अडखळली बहुतेक. तर म्हणते, त्या अधिकारी बाईंनी आठ फॉर्म ओळीने टेबलावर मांडले. आठही फॉर्मवर एकच. मुलं : नाहीत. खाली तुझी सही. बाईंनी विचारलं, ही तुमच्या आईचीच सही ना? पोरगी म्हणाली, हो, पार्सलच्या पावतीवर हीच असते. मग बाई म्हणाल्या, तुम्हाला हे माहीत असेलच, तुमच्या आईच्या कबुलीवरच तर हा अर्ज उभा आहे. त्यावर तिने कोरा कागद मागितला.’

‘मग?’

‘मग बाहेर आली आणि मला म्हणाली, आई, चल घरी.’

 ताई रडायला लागली. ‘मला आई म्हणाली गं. मी काय करू?’

मी म्हटलं, ‘काय करायचं? चल म्हणाली ना, मग चालायचं.’ फोन ठेवला आणि साहेबांच्या चादरी धुवायला टाकल्या. त्या धुतलेल्याच होत्या.

तुला जे त्या बाईंच्या तोंडून ऐकावं लागलं, ते मी सांगायला हवं होतं. आता सांगते. उशीर झालाय, मला कळतं. तरी वाच.

९ फेब्रुवारी

पहिल्या फॉर्मच्या वेळी तू माझ्या मांडीवर होतीस.

चार वर्षांची होतीस. तुझे बाबा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेले त्याला अडीच वर्षं झाली होती. आपण दोघी मावशीच्या दीड खोलीत राहत होतो. तिच्या शिलाई मशीनच्या आवाजात तू झोपायचीस, मशीन थांबलं की जागी व्हायचीस. एजंटचं ऑफिस एका दवाखान्याच्या वर होतं. जिन्यात स्पिरिटचा वास यायचा, म्हणून तुला वाटलं सुई टोचायला नेतेय. भोकाड पसरलंस. एजंटने तुला गप्प करायला स्वतःचं पेन दिलं. तू त्याच्या टेबलावरच्या कागदावर गोल गोल काढत बसलीस.

तो फॉर्म भरत होता. नाव, वय, शिक्षण. मग म्हणाला, ‘मुलं?’

मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, याला दिसत नाही की काय?

‘बाई, मी कागदावरचं विचारतोय,’ तो म्हणाला. ‘घरकाम आणि आजारी माणसांची सेवा, या कामाला त्यांना एकट्या बायका लागतात. मूल आहे म्हणालात की अर्ज इथेच संपला. नाही म्हणालात की महिन्याभरात विमानात. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. कोण बघायला येतंय?’

मग त्याने तुझ्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं आणि त्याच पेनाने ‘नाहीत’वर खूण केली. मी सही केली. तू पेनासाठी पुन्हा रडायला लागलीस.

दोन वर्षं म्हणजे किती, असं मी स्वतःला समजावलं. तू सहा वर्षांची होशील, शाळेत जायला लागशील, मी परत येईन. पण इथे दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागे आणि दरवर्षी तोच फॉर्म. तुला वाटेल, पहिल्यांदा पेन अडलं असेल, मग सवय झाली असेल. उलटं झालं. पहिल्यांदा मला काही वाटलंच नाही, तू मांडीवर होतीस ना. पुढच्या वर्षी तू नव्हतीस, तेव्हा पेन अडलं. असे मिळून सात फॉर्म झाले.

तू अकरा वर्षांची झालीस त्या वर्षी इथला कायदा बदलला. सात वर्षं पूर्ण केलेल्या सेविकांना कायमचं राहता येणार होतं, आणि अठराच्या आतली मुलं आणता येणार होती. आम्ही सगळ्याजणी वेड्या झालो. बाजारात ओळख नसलेल्या बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. आठवतं? म्हटलं, ‘सामान बांध.’ तू खरंच बांधलंस. मावशी म्हणाली, वह्या आणि एक स्वेटर भरून तू पिशवी दाराशी ठेवलीस, आणि पुढे कित्येक दिवस ती तिथून हलवू दिली नाहीस.

पंधरा दिवसांनी मी कचेरीत गेले. तुझा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला घेऊन. रांगेत माझ्या पुढे एक बाई होती, तिच्या हातात मुलाचा फोटो. काचेपलीकडच्या कारकुनाने तिची फाईल उघडली आणि म्हणाला, ‘सात वर्षं तुम्ही लिहिताय, मूल नाही. आज म्हणताय, आहे. यातलं खोटं कुठलं?’

ती म्हणाली, ‘आधीचं.’

बस. एवढंच म्हणाली. दोघांनी येऊन तिला बाजूच्या खोलीत नेलं. खोटी माहिती दिली म्हणून तिला परत पाठवल्याचं मला नंतर कळलं, आणि पुन्हा कधी पाय ठेवायचा नाही असा शिक्का. फोटो काउंटरवरच राहिला. कारकुनाने तो पालथा घातला आणि मला म्हणाला, ‘पुढे या.’

मी पुढे गेले. तुझे दाखले पिशवीत होते. ते मी बाहेर काढले नाहीत. कायमच्या परवान्याचा आठवा फॉर्म भरला. मुलं : नाहीत.

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, ‘कागद पुढे गेलेत. थोडा वेळ लागेल.’

१७ फेब्रुवारी

मधले आठ दिवस लिहिता आलं नाही. साहेबांच्या छातीत कफ झाला होता. आता बरे आहेत, म्हणजे पुन्हा मला नावं ठेवायला लागले आहेत. काल म्हणाले, ‘तुझा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेली धमकी आहे.’

तू फोनवर त्यांचं नाव ऐकलं आहेस, पण ते मुळात कोण हे मी कधी सांगितलं नाही. पाच वर्षं मी त्यांच्याकडे आहे. पंच्याऐंशीचे आहेत. कमरेखाली हालचाल नाही, डोकं मात्र लख्ख. निवृत्त व्हायच्या आधी तीस वर्षं ते त्याच खात्यात होते. बाहेरून येणाऱ्या माणसांचं खातं. मला एजन्सीने पाठवलं तेव्हा हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा आठवडाभर त्यांना जेवण भरवताना माझी मान वर होत नव्हती.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी त्यांच्या पायाची नखं कापत होते आणि ते मला इथला सगळा इतिहास सांगत होते. त्यांना ऐकायला माणूस लागतं, आणि पाय माझ्या हातात असले की मी कुठे जाणार?

म्हणाले, ‘माझे वडील बोटीने आले. बंदरावर एक माणूस टेबल टाकून बसायचा, सांगाल ते नाव लिहायचा, झालं. पुढे कारखाने वाढले तेव्हा आम्ही लोकांना बोलवायला माणसं पाठवली, अक्षरशः गावोगाव. मग कारखाने बंद पडले, तर त्याच लोकांना आम्ही विचारायला लागलो, तुम्ही अजून इथे कसे? मग आमची म्हातारी माणसं वाढली. मुली-सुना कामाला जायच्या. घरी बघायला कुणी नाही. म्हणून बायका आणायचं ठरलं. तो नियम झाला त्या बैठकीत मी होतो.’

‘कुठला नियम?’ मी विचारलं.

‘एकट्या बायकांचा. आम्ही सहाजण होतो. तिघांचं म्हणणं, मूल मागे ठेवून आलेली बाई मन लावून काम करणार नाही, पळून परत जाईल. तिघांचं म्हणणं, ती जाणार नाहीच, उलट मुलाला इथे आणेल, मग शाळा द्या, दवाखाना द्या. कारणं वेगळी, पण मूल दोघांनाही नको होतं. अर्ध्या तासात संपलं. मग जेवायची सुट्टी झाली.’

‘भांडण झालं नाही कुणाचं?’

‘भांडण जेवणावरून झालं. गार होतं.’

मी त्यांचं करंगळीचं नख कापलं. हात थांबला नाही माझा. आजवर मला वाटायचं, फॉर्मवरची ती ‘मुलं’ची चौकट कुणातरी दुष्ट माणसाने केली असेल. आणि इथे हा माणूस, ज्याला मी अंघोळ घालते, ज्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलते. वाईट माणूसही नाही. माझ्या वाढदिवसाला आठवणीने फुलं मागवतो.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, ‘तुला मूल आहे?’

मी म्हटलं, ‘नाही.’

कुणीही विचारलं नव्हतं फॉर्मवर, भिंगरी. घरात, पलंगाशी बसून विचारलं होतं. तरी तोंडातून तेच आलं.

तीन दिवसांनी त्यांना पेपर वाचून दाखवताना मी मध्येच थांबले आणि म्हटलं, ‘साहेब, आहे. मुलगी. तेवीस वर्षांची.’

त्यांनी पेपर बाजूला ठेवायला लावला. मग म्हणाले, ‘कागद आण.’

त्याच सुमाराला सरकारने ती सवलत काढली होती : ज्यांनी पूर्वी मुलं लपवली त्यांनी एकदाच कबूल करावं, शिक्षा नाही, मूल पंचवीसच्या आत आणि बिनलग्नाचं असेल तर अर्ज करता येईल. साहेबांनी तीन वेळा मसुदा लिहून घेतला. जुन्या सहकाऱ्याला फोन केला. मी कबुली लिहिली. आठ वेळा खोटं लिहिलं, कारण काय, सगळं.

सरकारला मी खरं सांगितलं. तुला फोन करून म्हटलं, ‘नवा कायदा आलाय, फॉर्म पाठवते, सही कर.’

तू विचारलंस, ‘मग आधीचे कागद कुठे गेले?’

मी म्हटलं, ‘हरवले असतील, सरकारी काम.’

२ मार्च

आज जे लिहायचं आहे त्यासाठी मी चार दिवस पेन हातात धरून बसले आहे.

तू म्हणशील, कायद्याने अडवलं होतं तर परत का आली नाहीस? विमानं दोन्ही बाजूंनी जातात. बावीस वर्षांत तीनदा आले, पाहुण्यासारखी आले, खोकी उघडून वस्तू वाटल्या आणि गेले. तिसऱ्या वेळी तू सतरा वर्षांची होतीस. मला स्टेशनवर सोडायला आलीस. इथल्या भाषेत तू मला सांगितलंस, ‘तुमचा प्रवास सुखाचा होवो.’ उच्चार अगदी स्वच्छ होता. तू ती भाषा शिकत होतीस, इथे येण्यासाठी. सहा वर्षं. आणि मला ठाऊक होतं, कुठलाही कागद कुठेही पुढे गेलेला नाही.

तुझ्या शिक्षणासाठी राहिले, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही. पण तेवढंच नाही.

तिथे मी ‘बिचारी’ होते. तुझे बाबा गेल्यापासून गल्लीत मी आले की बायकांचे आवाज खाली जायचे. दुकानदार दोन टोमॅटो जास्त टाकायचा. चोवीस वर्षांची होते मी. हसले तर लोक बघायचे, नाही हसले तर पाठीवर हात फिरवायचे. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. मी बसमध्ये खिडकीशी बसून एकटीच हसले आहे. पोहायला शिकले. मी पोहते, हे मावशीलासुद्धा माहीत नाही. त्या रांगेतल्या बाईला परत पाठवलं तेव्हा मला तुझी भीती वाटली, तुझं इथे येणं कायमचं संपेल याची. पण त्याच क्षणी दुसरी भीतीही होती, की मला परत जावं लागेल. कुठली मोठी होती, हे मी आजवर तपासून पाहिलेलं नाही. पंधरा वर्षं मी दोष कायद्यावर टाकला. कायदा वाईट होता. मीही होते.

साहेबांना हे वाचून दाखवलं, त्यांना समजेल अशा भाषेत. त्यांना वाटलं, त्यांच्याकडून काही उत्तर हवंय. म्हणाले, ‘मी त्या अर्ध्या तासाबद्दल माफी मागू शकतो. बाकीचं तुझं तुला.’

मी सगळं आवरून यायला तयार आहे. कायमची. इथला कायमचा परवाना परत करावा लागेल, करीन. मावशीकडे शिलाईत मदत करीन, तुझ्या वाटेत येणार नाही. पण यावेळी तुला न विचारता काही ठरवणार नाही. तू ‘ये’ म्हणालीस तर येते. काहीच कळवलं नाहीस, तरी मी समजेन.

अंगावर दुखणं काढू नकोस. शिंकत होतीस.

तुझी
आई

२४ मार्च

ती. स्व. नमस्कार.

तुमची सगळी पत्रं पोचली. मावशीने आधी वाचली, मग मला दिली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, पुढच्या महिन्यात. ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी कळवते.

तुम्ही लिहिलंत, फॉर्मवर ‘नाहीत’ लिहिलं. त्या मुलाखतीच्या टेबलाशी मला ते पहिल्या मिनिटाला समजलं होतं. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मी रोज अशा बायका बघते. तुम्हाला माहीत आहे, मी केंद्रावर भाषा शिकवते, पण कुणाला शिकवते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. माझ्या वर्गात सतरा बायका आहेत. सगळ्या तुमच्याच कामाला निघाल्या आहेत. ‘कुठे दुखतंय?’, ‘हळू वळा’, ‘गिळा आता’ एवढं मी त्यांच्याकडून घोटून घेते. तुमच्यासाठी शिकलेली भाषा अशी कामाला आली. पहिल्या दिवशी मी विचारते, मुलं किती? वर्गात कुणी खोटं सांगत नाही. मी त्यांना म्हणते, तिकडे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण घरी मुलाला खरं सांगून जा.

मी अर्ज मागे घेतला त्याचं कारण, तुम्ही ‘कागद पुढे गेलेत’ म्हणत होतात ती सात वर्षं. अकरा ते अठरा मी शाळेत कुणाशी घट्ट मैत्री केली नाही, कारण जायचं होतं. नाटकात काम दिलं तर घेतलं नाही, कारण प्रयोगाच्या वेळी मी इथे नसणार होते. मावशीने खिडकीत कुंड्या लावायला सांगितल्या, मी म्हटलं, पाणी कोण घालणार? आणि तुमच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी एकाने मला लग्नाचं विचारलं. केंद्रातच हिशेबनीस होता. चांगला माणूस. पण लग्न झालं की अर्ज बाद, म्हणून मी त्याला थांब म्हटलं. तो एक वर्ष थांबला. किती थांबायचं ते मला सांगता येईना, कारण मलाच कधी कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न झालं. मी जेवायला गेले होते.

मुलाखतीच्या टेबलाशी त्या आठ कागदांकडे बघत असताना मला एवढंच वाटलं, की आता कुणाचीच वाट बघायची नाही.

तुम्ही येण्याविषयी विचारलंत. या. घर मावशीचं आहे आणि तिला तुम्ही हव्या आहात. ऑपरेशननंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला कुणीतरी लागेल, आणि ते काम तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार नाही. मी मात्र तेव्हा इथे नसेन. दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर मला मोठ्या वर्गाची नोकरी मिळाली आहे. खोली बघून आले. शनिवारी-रविवारी मावशीला भेटायला येत जाईन, तेव्हा आपली भेट होईलच.

तुम्ही पोहायला शिकलात हे वाचून बरं वाटलं. खरंच.

मावशी शेजारी बसून हे वाचते आहे आणि म्हणते, स्वतःच्या आईला कुणी ‘तुम्ही’ लिहितं का, एवढा राग बरा नव्हे. तिला मी सांगितलं, तुम्हालाही सांगते. राग नाही. राग असता तर ‘तू’च लिहिलं असतं.

आपली,
भिंगरी